अनेक जुनाट आजारांच्या रुग्णालाही उपशामक सेवा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपशामक सेवा, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व इतर त्रास कमी करून जगणे सुसह्य करणारी सेवा, जिला दवाखान्यात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती कर्करोगाच्या रुग्णाला अखेरच्या काही आठवड्यांत द्यायची असते, असा समज आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात सुशिक्षितांतही पक्का रुजला आहे. मी खानापूर तालुक्यातील सत्तरी ओलांडलेला निवृत्त प्राथमिक शिक्षक असून मला मधुमेह, हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंडांचा जुनाट विकार आणि दोन्ही गुडघ्यांचा संधिवात आहे. यांपैकी एकही आजार पूर्ण बरा होणारा नाही आणि एकही मला उद्याच नेईल असा नाही. अशा अवस्थेत वर्षानुवर्षे जगणाऱ्या माणसालाही ही सेवा मिळायला हवी, आणि तीही चालू उपचार न थांबवता, त्यांच्या जोडीने, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

अनेक आजार एकाच देहात आले की एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू लागतो. गुडघेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि अंगात पाणी साठवून दुर्बल हृदयावर ताण आणतात. पायांची सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारे औषध दिले की कित्येकदा रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावल्याची खूण, चढते. मूत्रपिंडांचे काम मंदावले की इन्शुलिन शरीरात अधिक वेळ टिकते. मग जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकाएकी खाली येण्याची भीती असते. पथ्याचीही तीच गत आहे. मधुमेहासाठी डाळी आणि पालेभाज्या भरपूर खा असे एकीकडे सांगितले जाते, तर रक्तातील पोटॅशियम वाढल्यावर त्याच गोष्टी बेताने घ्या असे दुसरीकडे बजावले जाते. प्रत्येक तज्ज्ञाचे म्हणणे त्याच्या अवयवापुरते बरोबरच असते, परंतु गोळ्यांची यादी लांबत जाते आणि त्यांतली कोणती आता बंद करता येईल हे सांगायला कोणी धजत नाही, कारण ती दुसऱ्याने लिहून दिलेली असते. एका खासगी रुग्णालयात मी हा प्रश्न विचारला तेव्हा मला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले आणि त्यांनी मूत्रपिंडांच्या डॉक्टरांकडे बोट दाखवले. दारात रांग लागलेली असताना एका रुग्णासाठी अर्धा तास काढणे त्यांना शक्य नसते, हे मला समजते. पण तो अर्धा तास कोणीतरी काढायला हवा.

उपशामक सेवेचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणि परिचारिका नेमके हेच करतात. वेदना, धाप, खाज, बद्धकोष्ठता, झोप न लागणे आणि मनाला लागलेला घोर यांची ते एकत्र विचारपूस करतात आणि सगळी औषधे समोर ठेवून त्यांचा ताळमेळ घालतात. तीव्र वेदनेवर मॉर्फिन उपयोगी असले तरी मूत्रपिंडे निकामी होत आली असतील तर त्याचे अवशेष अंगात साचतात, म्हणून अशा वेळी फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या वेदनाशामकांचा विचार होतो. हे जाणणारा माणूस जवळ असणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगायला नको. धाप लागलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा झोत सोडणे यासारखा बिनखर्चाचा उपायही तेच शिकवतात. सर्वांत अवघड प्रश्न डायलिसिसचा असतो. वय झालेल्या आणि हृदयही थकलेल्या रुग्णाने डायलिसिस सुरू करावे, की औषधे, पथ्य आणि घरच्या शुश्रूषेवर राहावे, हे दोन्ही मार्ग वैद्यकशास्त्राला मान्य आहेत; मात्र दुसरा मार्ग बहुतेक कुटुंबांना कोणी सांगतच नाही.

ही सेवा स्वीकारणे म्हणजे हातपाय गाळणे, असे घरातलीच माणसे म्हणतात. अमेरिकेत फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले आणि ते सरासरीने अधिक काळ जगलेही. तो अभ्यास कर्करोगापुरता होता, हे मान्य. पण हातपाय गाळण्याचा आक्षेप त्याने बराच लंगडा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यांतल्या सुमारे 14 टक्क्यांनाच ती मिळते. तिची गरज असलेल्या प्रौढांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे रुग्ण कर्करोगाच्या रुग्णांहून अधिक आहेत, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

केंद्र सरकारने 2012 मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आणला, 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांवरील परवान्यांचा जाच कमी केला, आणि आयुष्मान आरोग्य मंदिर या गावपातळीवरील सरकारी केंद्रांतून द्यावयाच्या सेवांतही वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट केली. केरळने तर 2008 मध्येच धोरण आखून पंचायतींमार्फत परिचारिका घरोघर पाठवायला सुरुवात केली. म्हणजे कागदावर उणीव फारशी नाही.

आपल्याकडची अडचण भूगोलाचीही आहे. निपाणी, चिक्कोडी, कागवाड भागातील रुग्ण मिरज-कोल्हापूरला जातो, खानापूरचा बेळगावला येतो, आणि एकाच माणसाचे तपासणी अहवाल दोन राज्यांतल्या दवाखान्यांत विखुरतात. कणकुंबी-जांबोटीकडील गावांतून ऐन पावसाळ्यात धाप लागलेल्या म्हाताऱ्याला बाहेर काढणे म्हणजे काय, हे तिकडच्या लोकांनाच ठाऊक. निपाणी परिसरात तंबाखूच्या धुरळ्यात आणि विड्या वळण्यात आयुष्य घालवलेल्या कितीतरी बायका दम्यासारख्या विकाराबरोबर मधुमेह आणि रक्तदाबही अंगावर वागवत आहेत. आरोग्य विमा योजनांवरून, विशेषतः महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या सीमाभागातील 865 गावांना महाराष्ट्राची योजना लागू करण्यावरून, दोन्ही राज्यांत 2023 साली वाद रंगला. पण अशा योजनांचा भर मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर असतो. घरी बसलेल्या रुग्णाची सोय त्या वादात कोणीच काढली नाही.

म्हणून जिल्हा आरोग्य प्रशासनाला माझी विनंती आहे की, जिल्हा रुग्णालयात उपशामक सेवेची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी आणि कोणत्या खोलीत होते, याचा फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावा आणि तीच माहिती तालुका रुग्णालयांत व आशा कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवावी. तेथे कर्करोगाचा कागद नसलेल्या रुग्णालाही नोंदवून घ्यावे. प्रत्येक तालुक्यात निदान एका परिचारिकेला हे प्रशिक्षण देऊन महिन्यातून एकदा गृहभेटीला पाठवावे आणि ती शक्यतो मराठी जाणणारी असावी. पायांची आग आणि सांध्यांचा ठणका यांवरची औषधे वेगळी असतात आणि म्हाताऱ्या माणसाला हा फरक दुभाष्यामार्फत सांगता येत नाही. सर्व औषधांची नोंद असलेली एकच वही रुग्णाजवळ राहावी आणि मिरजेच्या डॉक्टरांनीही तिच्यातच लिहावे, एवढी व्यवस्था तर नवा निधी न मागताही या महिन्यापासून सुरू करता येईल.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक
खानापूर तालुका, जि. बेळगाव