यादीत नसलेली मुलगी

संपादक महोदय,

माझी मुलगी नववीत आहे. सहामाहीला गणिताच्या पेपरातली पहिली तीन पानं तिनं नीट सोडवली, चौथं उलटलंच नाही. घरी येऊन दप्तर टाकत म्हणाली, "आई, पेपर सोपा होता गं." चौथ्या पानावर दहा गुणांचे प्रश्न होते.

पहिलीपासून प्रगतिपुस्तकावर एकच शेरा, 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' त्यातल्या 'पण'च्या पुढच्या भागाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं किंवा स्वस्थ बसणं जड जाणारी मेंदूच्या वाढीतली अडचण, म्हणतात, हे कळायला आम्हाला आठ वर्षं लागली. बाकांवरून उड्या मारणारा मुलगा असता तर लवकर कळलं असतं. गप्प बसून हरवून जाणाऱ्या मुलीची तक्रार कोण करतंय!

शाळा भली आहे. जादा वेळ द्यायला तयार झाली, फक्त म्हणाली, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणा. सरकारी रुग्णालयातल्या कारकुनानं छापील यादीवरून बोट खालपर्यंत नेलं, परत वर आणलं आणि म्हणाला, "यात नाही हो ताई." त्याचं काही चुकलं नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं जुन्या ७ प्रकारांचे २१ केले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, एडीएचडी राहून गेलं.

बाहेर रांगेतल्या एका आईनं हळूच सुचवलं, "डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची, चाचणी करून घ्या. त्यात बसली तर काम होईल." म्हणजे लेकीत आणखी एक अडचण निघावी म्हणून देव पाण्यात ठेवायचे! तेही केलं. वाचन उत्तम निघालं. मुलीचा निकाल चांगला लागला म्हणून खट्टू होण्याची ही माझी पहिलीच वेळ.

'कशाला पोरीवर शिक्का मारून घेतेस?' असं म्हणणारे आमच्या घरातही आहेत. शिक्का कधीच बसलाय, 'आळशी' म्हणून.

मजा अशी, की यासाठी संसदेत जायचीही गरज नाही. कायद्याच्या परिशिष्टातच शेवटी केंद्र सरकार अधिसूचित करील असा 'इतर कोणताही प्रकार' घालण्याची सोय आहे. एक अधिसूचना पुरे. शिवाय दिव्यांग व्यक्तीच्या मूळ व्याख्येत टक्केवारी नाहीच. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्के नसतानाही लेखनिक मिळण्याचा हक्क दिला, तो याच आधारावर. अमेरिकेनं तर २००८ च्या दुरुस्तीत 'लक्ष एकाग्र करणं' ही चालण्या-बोलण्यासारखीच महत्त्वाची क्रिया म्हणून कायद्यात लिहून टाकली. माझ्या आतेबहिणीचा मुलगा न्यू जर्सीत शिकतो. त्याला परीक्षेत जादा वेळ मिळतो, वेगळी शांत खोली मिळते. निदान दोघांचं एकच.

आम्ही आरक्षण मागत नाही. तासाला वीस मिनिटं जादा, बसायला खिडकीपासून लांबचा बाक आणि पेपर गोळा करण्याआधी "मागचं पान पाहिलंस का?" असं विचारायची पर्यवेक्षकांना लेखी मुभा. मोफत आहे सगळं.

पुढच्या वर्षी ती दहावीला आहे.

– एक आई, सातारा