मोल्ड कंपासपेटीत का होता गं

मनू,

काल तुझ्या कंपासपेटीत इअरमोल्ड, तो कानात बसवायचा साचा, सापडला, म्हणजे तू शाळेत नुसता इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर लावून गेलीस. खाजतं, घाम येतो, आणि "मला तसंपण ऐकू येतं ना आई". समोर बोलले असते तर रडू आलं असतं म्हणून लिहितेय.

तू अडीच वर्षांची असताना चवथीला आरतीत घुमट वाजलं की कुठूनही धावत गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली येऊन उभी राहायचीस, त्यामुळे घरात सगळे म्हणायचे पोरीला ऐकू येतं, डॉक्टर कशाला. मीपण तेच धरून बसले, त्यात अख्खं वर्ष गेलं, ते मला अजून टोचतं. तू 'बस'ला 'ब' म्हणायचीस, 'मासे'ला 'माए'. स, श हे वरच्या पट्टीतले आवाज, कानाचं मशीन कितीही मोठं केलं तरी तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत. घुमट, बाबांचा आवाज, ढगांचा गडगडाट, खालच्या पट्टीतलं एवढंच यायचं.

आतला कान शंखासारखा असतो, अडीच वेढ्यांचा, तोंडाशी वरचे सूर आणि पार आत टोकाला खालचे. म्हणून ऑपरेशन करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं तेव्हा तुझा इलेक्ट्रोड, म्हणजे आतल्या कानात वीज देणारी तार, बारीक, मऊ घेतला, हळूहळू सरकवला आणि टोकापर्यंत नेलाच नाही, वर स्टेरॉइड दिलं, का तर तुझं खालच्या सुरांचं उरलेलं ऐकणं वाचावं. एकाच कानात वीज आणि आवाज दोन्ही द्यायचं हे जर्मनीतल्या फॉन इल्बर्ग डॉक्टरांनी 1999 साली मांडलं. आमच्या सर्जननी आधीच सांगितलेलं, उरलेलं जाऊपण शकतं, लगेच नाहीतर काही महिन्यांनी. बाबांनी सही केली तेव्हा मी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि ते राहिलं गं. टेस्टच्या कागदावर 250 हर्ट्झचा, म्हणजे खालच्या सुराचा, ठिपका जवळजवळ होता तिथेच होता, तो कागद माझ्या कपाटात आहे.

इलेक्ट्रोडने तुला स, श मिळाले, पण सूर चढला की उतरला, गोंगाटात टीचरचा आवाज कुठला, हे कळायला तुझ्या स्वतःच्या कानाची मदत लागते आणि तिथे आवाज पोचतो तो त्या मोल्डमधूनच. उद्या ते ऐकणं कमी झालंच तर मॅपिंग, म्हणजे प्रोसेसरचं सेटिंग, बदलून खालचे आवाजही इलेक्ट्रोडवर घेता येतात, त्याची भीती नको. पण आहे तोवर पेटीत नको ना ठेवू.

कान वाढलाय तुझा, जुना मोल्ड आता नीट बसत नसणार, म्हणून खाजत असेल. शनिवारी फोंड्याला जाऊन नवीन माप देऊ. तोवर हा पुसून तुझ्या टेबलावर ठेवलाय.

आई