बाबा, आता लेप पुरे

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांडपाण्याचा गळका पाइप बदलायचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई "जेवलीस का" विचारते. म्हणून लिहायला बसले.

परवा निघायच्या आधी मी घराच्या मागे गेले होते, ती कपडे काढायला नव्हे. सांडपाण्याच्या पाइपला बाबांनी बांधलेलं फडकं मला बघायचं होतं. ते चिंब होतं आणि त्यातून रंगाच्या जुन्या डब्यात थेंब पडत होते. डबा अर्धा भरलेला. म्हणजे तो कुणीतरी रोज उचलून रिकामा करतंय, गुडघे दुखत असताना. कोण, ते विचारत नाही.

मग मी पान्याने पाइपवर वाजवून पाहिलं. वर टणटणीत आवाज आला. खाली, मोरीच्या उंचीला, फुटक्या मडक्यासारखा बद्द. तिथला गंज नखाने खरवडला तर पापुद्रे निघाले, एकाखाली दुसरा. मोबाइल पाइपच्या मागे सरकवून फोटो काढला तेव्हा दिसलं, भिंतीकडच्या बाजूने हातभर उभी चीर गेली आहे. लेप आपण समोरून लावतो आणि पाणी मागून भिंतीत मुरतं. आतल्या खोलीचा रंग दोनदा काढून पुन्हा दिला, पोपडे आले ते आलेच. उगाच त्या रंगाऱ्याला बोललो आपण.

बाबा, "बीड आहे, ते मरत नाही" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बीड दणकट असतं, खरंच. पण ते आतून खाल्लं जातं. सांडपाण्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. पाइपच्या ओल्या भिंतीवरचे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते लोखंड खातं. शिवाय आत गंजाचे गड्डे वाढतात. चार इंची पाइप बाहेरून चार इंचीच दिसतो, पण आतली वाट अरुंद आणि खरखरीत होते. केस, तेलकट गाळ, सगळं तिथेच अडतं. मग आपण अॅसिड ओततो. ती अक्कल माझीच होती, कबूल. तुंबलेलं त्याने फारसं सुटलं नाही, लोखंड मात्र आणखी झिजलं असणार.

बेसिनमधल्या गुडगुडीचं कारणही सापडलं. कबुतरं घरटं करतात म्हणून गच्चीवर वेंट पाइपच्या तोंडावर बाबांनी डबा उलटा घालून ठेवलाय. त्या तोंडातून हवा आत यायची असते. ती आली नाही की वरून लोंढा जाताना ट्रॅपमधलं, म्हणजे बेसिनखालच्या वाकड्या नळीत साचून राहणारं पाणी ओढून नेतो. ते दोन इंच पाणी म्हणजे वासाला लावलेलं झाकण, तेच गेलं की घरभर गटाराचा वास. डबा मी काढून ठेवला आहे. त्या जागी जाळीची टोपी बसवू.

तो वेंट पाइप मात्र करड्या सिमेंटचा आहे, जुना, बहुधा अॅस्बेस्टॉसचा. त्याला कुणी करवत किंवा हातोडा लावायचा नाही. त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. ज्याला ते काम माहीत आहे तोच माणूस तो ओला करून, न फोडता, अख्खा उतरवेल.

फक्त फुटलेला तुकडा बदलावा, असं प्लंबर म्हणाला होता. मला ते पटत नाही. जुन्या बिडाला नवा पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप सिमेंटने चिकटवला की तोच सांधा पुढे पहिला तडकतो. शिवाय शिसं ओतून भरलेले जुने सांधे एक हलवला की शेजारचे सैल होतात. गच्चीपासून जमिनीतल्या सांडपाण्याच्या चेंबरपर्यंत उभी लाइन एकदाच बदलू. आडवी लाइन उघडल्यावर बघू. ती चांगली निघाली तर फरशी फोडायची हौस मलाही नाही.

बाबा, तुमचं एक म्हणणं मान्य: प्लास्टिकच्या पाइपातून पाणी पडताना आवाज येतो, बिडात येत नव्हता. लाइन बाहेरच्या भिंतीवर आहे, तेवढं चालवून घेऊ.

काम चालू असताना तुम्ही देखरेख करणार, हे मी धरूनच चालले आहे. मग एवढं बघा. वरचा पाइप भिंतीला पक्का धरल्याशिवाय खालचा कापू देऊ नका. बिडाचा तुकडा निसटला तर पाय जाईल, म्हणून तुम्ही स्वतः तिथे खाली उभे राहायचं नाही, खुर्ची लांब टाका. रबर रिंगच्या सांध्यात पाइप तळापर्यंत ठोकून बसवतात, ते चूक. आत घालून खूण करायची आणि १० मिलिमीटर मागे ओढायचा, कारण उन्हाने पाइप लांबतो. आडव्या पाइपला मीटरमागे साधारण २५ मिलिमीटर ढाळ हवा. "नजरेने बरोबर आहे" असं कुणी म्हणालं तर लेव्हल ट्यूब, ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, मागा, नजर तुमच्याकडेही आहे. वळणाला काटकोनी बेंड न घालता ४५ अंशाचे दोन घालायला सांगा आणि तिथे साफ करायचं झाकण मागा.

आणि बुजवायच्या आधी पाण्याची चाचणी. खालचं तोंड बंद करायचं, लाइन भरायची, पातळीला खूण करायची आणि थांबायचं. सगळ्यांना घरी जायची घाई असते, तेव्हा तुम्ही नेहमीसारखे हट्टी व्हा.

आई, तुझ्यासाठी वेगळं. मोरीत उकळतं पाणी ओतायची सवय नव्या पाइपला चालणार नाही. उकळत्या पाण्याने पीव्हीसी मऊ पडतो. थोडं निवू दे, मग ओत. तुला धास्ती संडासाची आहे, हे तू बोलली नाहीस तरी मला कळलं. दोन्ही लाइन एकदम उघडायच्या नाहीत. आधी मोरीची, ती पुरी झाली की संडासाची, आणि ती सकाळी उघडून संध्याकाळपर्यंत जोडून द्यायची, असं ठरवूनच काम देऊ. ते दोन दिवस तुम्ही माझ्याकडे राहिलात तर उत्तम, पण बाबा देखरेख सोडून येणार नाहीत. तू तरी ये.

पैशांचं मी बघते. त्यावर पत्राने वाद नको.

सुट्टी मंजूर झाली की तारीख कळवते. बाबांनी घर बांधताना काढलेला नकाशा पेटीत असेल, तो शोधून ठेवा. चेंबर कुठे पुरलंय ते त्यावरच असेल.

तोवर रंगाच्या डब्याऐवजी छोटं टमरेल ठेवा. दिवसातून जास्त वेळा रिकामं करावं लागेल, पण वाकून उचलायला हलकं.

तुमची
लेक