चोखणी सोडवा, पण कात्रीने नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांची चोखणी, म्हणजे ते पॅसिफायर, सोडवायचं म्हटलं की जो तो एकच सांगतो, टोक कापून टाक, हवा गेली की पोरगं स्वतःच फेकून देतं. मीही ऐकलं. लेक अडीच वर्षांची, रात्री ती झोपल्यावर टोक उडवलं आणि सकाळी बघते तर बाईसाहेब ती कापलेली कड दाढेखाली धरून चावतायत, आणि जिभेवर नखाएवढा रबराचा तुकडा! बोट घालून काढला तेव्हा माझेच हात थरथरत होते. घशात अडकला असता म्हणजे? म्हणून हे पत्र.

कडू काहीतरी लावणं, चारचौघांत "एवढी घोडी झाली तरी" म्हणून चिडवणं, हेही करून झालं. उलट ती जास्तच चोखायला लागली, घाबरलेलं पोर दुसरं काय करणार.

चोखणी वाईटच असं नाही हां. पहिल्या वर्षी झोपताना दिली तर बाळाच्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो असं डॉक्टरच सांगतात. पण ६ महिन्यांनंतर कानाचं इन्फेक्शन वाढू शकतं आणि २-३ वर्षांपुढे दात सरकतात. डेंटिस्टने आमच्या लेकीला दात मिटायला लावले तरी पुढच्या वरच्या-खालच्या दातांत फट, तिचीच करंगळी आत जात होती. आत्ता सुटली तर फट बहुतेक आपोआप भरेल म्हणाले, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

मग आम्ही नियम केला, चोखणी पलंगावरच राहणार. खेळता खेळता ती पळत जायची, आडवी पडून पाच मिनिटं चोखायची की परत खेळायला, जाऊ दिलं. हळूहळू दिवसाची फेरी आपणच बंद झाली. रात्रीची बंद केली तेव्हा तीन रात्री रडारड, चौथ्या रात्री सासूबाईंनी गुपचूप दिली (त्यांनाही रडणं बघवेना) आणि परत पहिल्यापासून! म्हणून आधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा, आणि ताप, घर बदलणं, नवं भावंड असल्या दिवसांत तर हात घालूच नका.

आता चोखणी सुटली, पण माझा हात पाठीवर असल्याशिवाय झोपत नाही. हे कसं सोडवायचं ते कुणा वाचकाला माहीत असेल तर जरूर लिहा.

आपली,
एक आई