तीच वाट, बारा महिने

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, सुट्टी मिळाली की लांब कुठेतरी जाईन, तोवर फिरणं बंद." लांब जरूर जा. पण ते चार दिवस सोडले, तर उरलेल्या 361 दिवसांचं काय?

तुझ्या घराजवळ एखादं मैदान, तळं, निदान झाडांची रांग असेलच. तेवढं पुरे. एकच वाट धर आणि वर्षभर सोडू नकोस. तुला वाटेल, रोज तेच बघून कंटाळा येईल. मला अजून आलेला नाही. माझ्या वाटेवरच्या एका झाडाच्या बुंध्याला वीतभर भेग आहे. उन्हाळ्यात तिच्यातून मुंग्यांची रांग वर चढते. पावसाळ्यात तिथेच शेवाळ धरतं. बोट टेकवलं की गार, ओलं, मऊ. थंडी सरता सरता ते वाळून तपकिरी होतं, अगदी मेल्यासारखं. आणि पुढच्या पावसाची एक सर पुरते, ते पुन्हा हिरवं दिसायला लागतं! पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी मी तिथेच किती वेळ उभी होते.

ऋतूप्रमाणे वेळ मात्र बदल. उन्हाळ्यात आपली सावली आपल्याहून आखूड व्हायच्या आत घरी ये. पावसात भिजायला माझी ना नाही, पण ढग गडगडले की लगेच आत ये, झाडाच्या आडोशाला थांबू नकोस. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पुन्हा बाहेर पडायचं नाही.

थंडीत रात्री निघ. दिव्यांपासून जरा लांब उभा राहा आणि मोबाईल खिशातच ठेव. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मग मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे शोध. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तूच ते आधी दाखवायचास. ते रोज सुमारे 4 मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याभरात दोन तास. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून बघत गेलास की त्यांचं हे सरकणं तुझं तुलाच कळेल.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम करायला सांगते. रोज 25 मिनिटं झपाझप चाललास तरी तो हिशेब पुरा होतो.

रविवारी फोन करशील तेव्हा तुझ्या वाटेवरच्या एका झाडाबद्दल सांग. नाव माहीत नसलं तरी चालेल. पानं कशी आहेत, तेवढं सांग.

तुझी,
आई