ते ल्युपिन दुर्मिळ नाही

संपादकसाहेब,
रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जांभळ्या ल्युपिनचा फोटो बघितला, छानच आहे, पण खाली 'दुर्मिळ रानफूल' लिहिलंय आणि मला तर ते बागेतलंच वाटतंय. मी पोर्टलंडला मुलीकडे असते म्हणून सांगते, खरं दुर्मिळ ते किंकेड्स ल्युपिन, विलॅमेट खोऱ्यातल्या माळांवर आणि खाली डग्लस काउंटीत डोंगरातल्या विरळ जंगलात उगवतं, आपल्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातलं, पण एकदम बुटकं. २००० साली त्याला सरकारी संरक्षण मिळालं, आणि त्याच्या पानांवर अंडी घालणाऱ्या फेंडर्स ब्लू फुलपाखरालापण, जे १९३७ नंतर संपलंच असं सगळे धरून चालले होते आणि १९८९ ला परत सापडलं! दाट सावली या ल्युपिनला सोसत नाही. पूर्वी तिथले मूळचे रहिवासी, कलापुया लोक, माळ जाळायचे, ते बंद झालं आणि झुडपं माजली, म्हणून आता काही ठिकाणी मुद्दाम, बेताने आग लावतात. आमच्या साताऱ्याकडे वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो, इथे सगळं उलटंच. असो, फोटोओळ तेवढी दुरुस्त करा.

- एक जुनी वाचक, सध्या मुक्काम पोर्टलंड