‘ड्रिफ्टर्स’ म्हणजे नेमके कोण?

महोदय,

जुन्या अमेरिकी गाण्यांवर आपल्याकडे लिहिताना ‘ड्रिफ्टर्स’ या गायकांच्या गटाचा उल्लेख आला, की ‘ड्रिफ्टर्सचे गाणे’ एवढ्यावर भागवले जाते. गायक कोण, ते राहूनच जाते. यात सर्वाधिक अन्याय होतो क्लाइड मॅकफॅटर यांच्यावर, कारण हा गट मुळात त्यांच्या गळ्यासाठीच उभा राहिला.

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचे मॅकफॅटर चर्चच्या गायनातून आले. १९५० मध्ये ते ‘बिली वॉर्ड अँड हिज डॉमिनोज’ या गायकांच्या गटात दाखल झाले. ‘हॅव मर्सी बेबी’ (१९५२) गायले त्यांनी, तबकडीवर नाव मात्र गटाचे. १९५३ मध्ये ते बाहेर पडताच अटलांटिक रेकॉर्ड्स या तबकडी कंपनीच्या अहमेट एर्टेगन यांनी त्यांना स्वतःचा गट जमवायला सांगितले. तोच ‘ड्रिफ्टर्स’. पहिल्या ध्वनिमुद्रणातला मेळ एर्टेगन यांना पटला नाही, म्हणून साथीदार बदलले आणि ‘मनी हनी’ हे गाणे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या प्रकारच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११ आठवडे अव्वल राहिले.

१९५४ चे ‘व्हाइट ख्रिसमस’ लक्ष देऊन ऐका. आधी गटातले बिल पिंकनी खर्जात गातात, मग मॅकफॅटर वरच्या पट्टीत शिरतात आणि एकेक शब्द हुंदका दिल्यासारखा तोडतात. मागच्यांनी स्वर घट्ट धरलेला असतो म्हणूनच हे जमते. तिथे एक जण जरी हलला तरी सगळे गाणे विस्कटते.

त्याच वर्षी लष्करात बोलावणे आले आणि पुढे गटातला आपला हिस्सा त्यांनी मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेल यांना विकून टाकला. घात झाला तो इथे. नाव मालकाचे झाले, उरलेले गायक निव्वळ पगारी. १९५८ मध्ये ट्रेडवेल यांनी सगळ्यांना काढून टाकले आणि ‘फाइव्ह क्राउन्स’ या दुसऱ्याच गटाला हे नाव दिले. ‘देअर गोज माय बेबी’ (१९५९) मधला आवाज बेन ई. किंग यांचा, मूळ संचातला एकही गळा त्यात नाही. मॅकफॅटर यांचे एकट्याचे ‘अ लव्हर्स क्वेश्चन’ पॉप यादीत सहाव्या, तर १९६२ चे ‘लव्हर प्लीज’ सातव्या क्रमांकापर्यंत गेले. नंतर उतरण लागली. १३ जून १९७२ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी ते गेले.

म्हणून विनंती अशी, की गाण्यासोबत वर्ष आणि मुख्य गायकाचे नाव छापावे. ‘ड्रिफ्टर्स’चेच ‘अंडर द बोर्डवॉक’ (१९६४) घ्या. ते गटातले रूडी लुईस गाणार होते. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री ते वारले आणि ते गाणे गटातल्याच जॉनी मूर यांनी गायले.

– एक वाचक, पुणे